टॅम्पिनीसमध्ये न थांबलेली धून

सिंगापूर ठरलं ते वृषालीताईमुळे. माझी मावसबहीण, टॅम्पिनीसला राहते. तिथली हॉटेलं आपल्याला झेपत नाहीत, त्यामुळे नातेवाईक असतील तर लाजू नका, सरळ पथारी पसरा. एमआरटीला, म्हणजे तिथल्या मेट्रोला, वेगळं तिकीट नको, बँकेचं कार्ड टेकवलं की झालं. फक्त ते परदेशात चालतं का, हे निघण्याआधी बघा.

पहिल्या दिवशी बोटॅनिक गार्डनला निघालो होतो. लिफ्टमधून बाहेर पडतो तर पेटीचा आवाज. गार्डन राहिलंच.

इथे इमारतीखाली मोकळी जागा असते, वॉइड डेक म्हणतात. तिथे आर्थर नावाचे एक इंग्रज आजोबा बटणांची छोटी पेटी वाजवत होते. निवृत्त शिक्षक, बायको इथलीच. मी शेजारी टेकलो, आणि मग आम्ही हॉकर सेंटरला, म्हणजे तिथल्या खाऊगल्लीत गेलो. नारळाच्या गोड जॅमचा काया टोस्ट नक्की खा, सोबत कोपी, म्हणजे तिथली कॉफी.

खाता खाता त्यांनी वाजवत होते त्या धुनेचा इतिहास सांगितला. मॉरिस हा त्यांच्या गावाकडचा नाच: सहा जण, पायांत घुंगरू, हातात पांढरे रुमाल. धून म्हणे मुळात फौजेच्या कूचाची, नाचणाऱ्यांनी उचलली. मध्ये उंच उड्या येतात. तिथे वाजवणारा सूर ताणून धरतो, आणि नाचणारा जमिनीवर टेकला की मगच पुढचा सूर. पुढे गावातला नाच मोडला. कुणीतरी एका म्हाताऱ्या फिडलवाल्याला खोलीत बसवून धून लिहून घेतली. समोर पाय नव्हते, त्यामुळे कागदावर सगळं एकाच लयीत उतरलं. तेवढं थांबणं आर्थरना वडिलांकडून मिळालं, नाच मोडण्याआधी वडील स्वतः त्यात नाचायचे.

पुढच्या आठवड्यात आर्थरच्या बोटांचं ऑपरेशन होतं. नंतर वाजवता येईल का, डॉक्टर सांगेनात. त्याआधी त्यांना ती धून एकदा नाचणाऱ्यांसमोर वाजवायची होती.

मला लगेच ताईचं मंडळ आठवलं. शनिवारी त्यांचा गणपतीचा लेझीमचा सराव त्याच वॉइड डेकवर होता. सगळे आनंदाने तयार झाले.

सुरुवात झकास झाली. उडीची जागा आली, आर्थरनी सूर धरला, आणि सगळे लेझीम वर करून उभे राहिले. पेटी थांबलेली, पायही थांबलेले. पुन्हा केलं, पुन्हा तेच.

पथकाचे म्होरके मिलिंददादा बँकेत आहेत. ते मला म्हणाले, "अरे, त्यांना ठेका द्यायला सांग. ठेक्याशिवाय पाय उचलणार कसा?"

"मी त्यांच्या पायांची वाट बघतोय," आर्थर इंग्रजीत म्हणाले.

दादांना मुद्दा कळला. पण लहानपणापासून हलगीच्या मागे चाललेले पाय, एका संध्याकाळी ऐकतात होय? चौथ्यांदा सगळे अडकले तेव्हा आर्थर हसले, "ओके लाह," असं सिंगापुरी थाटात म्हणाले आणि त्यांनी धून सरळ एका लयीत वाजवून टाकली. मंडळ बेभान नाचलं. ताईने त्यांना मोदक दिला. तो हातात धरून ते बराच वेळ आपल्या बोटांकडे बघत होते.

आता नाशिकला परतलोय. ऑपरेशन झालं, पेटी अजून बंद आहे, असं ताई सांगते. त्या संध्याकाळचा मी काढलेला व्हिडिओ मित्रांना भारी आवडतो. मी कधीकधी गच्चीवर फोन ठेवून ती धून लावतो आणि उडी मारतो. खाली येतो तेव्हा ती पुढे निघून गेलेली असते.