वर्गाला पाठ असलेली बाई

चष्मा काढून खिशात ठेवायचा, दोन्ही हात सैल सोडायचे, मान जराशी पुढे झुकवायची आणि म्हणायचं, "मी आता मशीन. मले कायबी समजत नाही. सांगा." आमच्या शाळेतल्या गणिताच्या सरांचा तास असा सुरू व्हायचा. एवढं बोलून झालं की त्यांच्या चेहऱ्यावरून माणूस निघून जायचा. डोळे उघडे असायचे, पण ते कोणाकडेच पाहत नसायचे. सहावीतली पोरं आधी खिदळायची आणि मग एकेक करून गप्प व्हायची. तुम्ही व्हरांड्यातून जात असता तर तुम्हीही दाराशी थबकला असता. मी तर दर वेळी थबकायची.

नवेगाव बांधहून केशोरीकडे जाताना लागणाऱ्या एका गावात आमची शाळा होती. मी मराठी शिकवायची. त्यांच्याकडे गणित, विज्ञान आणि शिक्षक कमी म्हणून पी.टी.सुद्धा. दोन हजार तीन-चारच्या सुमारास कुठल्याशा योजनेतून शाळेला दोन संगणक मिळाले. हेडमास्तरांनी नारळ फोडला, हार घातले आणि दोन्ही संगणक फुलाफुलांच्या चादरीखाली झाकून ठेवले. लाईट सकाळी जायची ती शाळा सुटल्यावरच यायची. त्यामुळे ती खोली उघडायची फक्त झाडू मारायला. पोरं दाराच्या फटीतून आत डोकावत आणि कुजबुजत बोलत. आत कोणी आजारी माणूस निजलेलं आहे असंच त्यांना वाटत असावं.

सरांना या अंधाराचं काही वाटायचं नाही. "संगणक डब्यात नाही राहत जी बाई," ते मला म्हणाले. "तो सांगन्याच्या रीतीत राहते. डबा नसला तरी शिकवता येते."

"मग सरकारने डबे कशाला पाठवले?"

"चादरी खपवाले," ते म्हणाले.

मग ते आमचे सगळ्यांचे तास मागून घेऊ लागले. माझ्या तासाला पोरांनी 'भात कसा शिजवावा' हे लिहून आणलं. सर मशीन झाले. एकाने वाचलं, "तांदळात पाणी टाका." सरांनी हातातली नसलेली घागर नसलेल्या पोत्यावर सरळ उपडी केली. पोरं ओरडली. धानाच्या मुलखातली पोरं ती, पोतं भिजलेलं त्यांना खोटंखोटंसुद्धा बघवेना. "किती तांदूर? कशात? थांबू कवा?" सर सपाट आवाजात विचारत होते. शेवटी एक पोरगी वैतागून म्हणाली, "सर, तुमाले भात रांधता येत नाही का?"

"मशीनले नाही येत," सर म्हणाले. "मले येते. एकट्याले रांधाच लागते."

इतिहासाच्या तासाला त्यांनी पोरांच्या हातात पाट्या दिल्या. प्रत्येक पाटीवर एक घटना. पोरांनी मैदानात आडवंतिडवं उभं राहायचं, बोलायचं नाही, फक्त शेजाऱ्याची पाटी बघायची, आणि आपली घटना आधीची असेल तर जागा बदलायची. थंडीचे दिवस होते, शनिवारची सकाळची शाळा होती आणि बांधावरून, म्हणजे आमच्याकडच्या मोठ्या तलावावरून, आलेलं धुकं मैदानभर उतरलं होतं. रांगेचं दुसरं टोक मला दिसत नव्हतं. नुसता पाय घासल्याचा आवाज येत होता. कोणी कोणाला हुकूम देत नव्हतं, तरी ती रांग आपल्याआपण हलत होती, वळत होती, आणि मग एकदम सगळे पाय थांबले. सगळा इतिहास क्रमाने लागला होता. माझ्या अंगावर काटा आला. मी सरांना तसं सांगितलं तर ते खूश झाले. "पाहा ना जी, एकालेबी पुरं मालूम नव्हतं. पन काम झालं."

त्याच महिन्यात त्यांनी आठवणीचा पाठ घेतला. मशीनला दोन आठवणी असतात, एक लाईट गेली की जाते आणि दुसरी राहते, असं त्यांनी पोरांना सांगितलं. ती दुसरी कशी ठेवायची हे दाखवायला त्यांना माझा 'व्यक्तीचं वर्णन' हा धडा हवा होता. मला पेपर तपासायचे होते, मी आनंदाने तास दिला आणि मागच्या बाकावर जाऊन बसले.

सर एकेका पोराजवळ गेले आणि कानात एकेक वाक्य सांगून आले. प्रत्येक वाक्य दोघांना. "एक जन विसरते. दोघं एकाच वक्ती नाही विसरत," ते म्हणाले. लिहून घ्यायला बंदी होती. मग फळ्यापाशी उभं राहून त्यांनी हजेरीचे नंबर पुकारायला सुरुवात केली, आणि अंधाऱ्या वर्गात एकेका बाकावरून उत्तर येऊ लागलं.

"ती डाव्या हातानं धान पाखडे."

"तिचं माहेर चिचगडच्या जंगलात."

"तिले बांधाच्या पान्याचा भेव वाटे."

"ती बोलताना पदराचं टोक दातात धरे."

"तिच्या गालावर तीळ होता."

पोरं डोळे मिटून म्हणत होती. आवाज उघड उघड लहान मुलांचे, पण वाक्यं वाढत गेली तशी ती बाई वर्गात हळूहळू जमून येऊ लागली. दोन-तीनदा मी दाराकडे पाहिलं, पण तिथे अर्थातच कोणी नव्हतं. तास संपल्यावर मी विचारलं, "ही कोण हो सर?"

"अशीच. उदाहरनाले कोनी तरी पायजे ना." मी त्यांच्या कल्पनाशक्तीचं कौतुक केलं आणि त्यांनी ते ऐकून घेतलं.

दर शनिवारी ते वर्गाकडून हे वर्णन ऐकू लागले. पोरांना त्यात कवायतीसारखी गंमत वाटायची. एका शनिवारी ते तिळापाशी आले. तिळाचं वाक्य ज्या दोघांकडे होतं त्यातला पोरगा म्हणाला, "तीळ डाव्या गालावर." आणि पोरगी म्हणाली, "उजव्या."

वर्ग हसला, सर मात्र हसले नाहीत. "उजव्या? कोनी सांगतलं?"

"तुमीच तर बोट लावून दाखवलं, सर."

गोंधळ कसा झाला हे माझ्या लगेच लक्षात आलं. तुम्ही शाळेत पी.टी. केली असेल तर तुमच्याही येईल. मास्तर पोरांकडे तोंड करून उभे असले की पोरांचा डावा हात वर करायला ते स्वतःचा उजवा वर करतात. पोरांना आरशाची सवय लागते. सरांनी आपल्या गालाला बोट लावलं, तेव्हा एकाने सरांचा गाल बघितला आणि दुसरीने आरशातला. पण सरांनी स्वतः काय दाखवलं होतं? सरळ गाल, की कवायतीच्या सवयीने उलटा? ते त्यांनाच माहीत असणार.

सरांनी बोट एका गालाला लावलं. मग दुसऱ्या. मग पुन्हा पहिल्या. आणि चष्मा डोळ्यांवर असताना, ते नेहमीचं वाक्य न बोलताच, त्यांचा चेहरा रिकामा झाला. पोरांना वाटलं सर मशीन झाले, आणि ती पुढच्या सूचनेची वाट बघत बसली. घंटा झाली तरी सर हलले नाहीत. मीच त्यांचा हात धरून त्यांना व्हरांड्यात आणलं.

तिथे खांबाला टेकून ते बोलले. "बाई, ती माही घरवाली होती जी."

लग्नानंतर थोड्याच वर्षांत ती तापाने गेली होती. मूलबाळ नव्हतं. एकुलता एक फोटो होता, बुद्धाच्या तसबिरीशेजारी लावलेला. तो उधईने, वाळवीने खाल्ला. माहेरचं कोणी राहिलं नव्हतं. "काल केशोरीच्या गाडीत बसलो, अन् कायले बसलो तेच आठवे ना. नागपूरच्या डाक्टरले तर आधीच दाखवलं होतं. तो म्हनते हे वाढतच जाईन. माही लाईट जाऊन राहिली, बाई. मी विसरलो का ती कुठंच नाही राहत. म्हनून पोट्ट्याइच्या जवर ठेवून राहिलो होतो."

माझे डोळे भरून आले होते आणि ते सरांना दिसू द्यायचे नव्हते. मी म्हटलं, "मग तिघांना द्यायचं होतं, सर. दोघांचं जुळलं नाही तर तिसरा सांगेल."

"तिसरा मी होतो ना जी," ते म्हणाले.

पुढच्या शनिवारपासून त्या बाईला दोन्ही गालांवर तीळ झाला. पोरांची काही तक्रार नव्हती. वर्ष संपताना सरांनी सगळ्यांना बजावलं, "खालच्या वर्गाले देऊन जा. आपल्या नंबरवाल्याले." पोरांनी ते मन लावून केलं. जूनमध्ये नवी सहावी बसली आणि तीच बाई नव्या गळ्यांतून बोलली जाऊ लागली.

मग सर निवृत्त झाले. गावातच एका खोलीत राहिले. शनिवारी सकाळी ते यायचे, पण वर्गात येत नसत. मागच्या खिडकीपाशी गज धरून उभे राहायचे. आता नंबर मी पुकारायची. पोरं उत्तर द्यायची आणि बरोबर आलं का हे बघायला खिडकीकडे वळायची. सर मान हलवायचे.

अशी दोन-तीन वर्षं गेली. एका शनिवारी एक पोरगं म्हणालं, "तिले भाजलेल्या मोहफुलाचा वास आवडे." सर खिडकीतून म्हणाले, "हे मी देलं नव्हतं." मग थोड्या वेळाने, "देलं होतं का, बाई?" मी त्या पोराला विचारलं. त्याला ते वरच्या वर्गातल्या मुलाने दिलं होतं. त्या मुलाला विचारलं, त्याला त्याच्या वरच्याने. सगळ्यांत वरचा म्हणाला, "सरनंच देलं." तिथून पुढे विचारायला कोणी नव्हतं.

वाक्यं वाढतच गेली. मुलं भर घालतात, शिक्षक म्हणून मी ते रोज बघत होते, आणि स्वतःला तेच समजावत होते. पण एकदा धुक्याच्या सकाळी एक लहानखुरी पोरगी उभी राहिली आणि म्हणाली, "ती गेली तवा तिच्या मुठीत धानाचं लोंब होतं." सरांनी खिडकीचे गज सोडले. "खरं हाय," ते म्हणाले. "म्या तिची मूठ उघडू देली नव्हती कोनाले. हे म्या कोनालेच नाही सांगतलं." त्या पोरीला हे कोणी दिलं, हे विचारायचा मला धीर झाला नाही. पुढच्या शनिवारी तीच पोरगी तेच वाक्य बोलली आणि सरांनी शांतपणे मान हलवली. मागच्या शनिवारचं त्यांना काहीच आठवत नव्हतं.

शेवटच्या वर्षी ते गोष्ट ऐकायला आल्यासारखे येऊ लागले. आपल्या खोलीचा रस्ता चुकायचे, पण शनिवारी खिडकी चुकायची नाही. एकदा सगळे नंबर संपल्यावर ते कौतुकाने म्हणाले, "लय चांगली बाई दिसते. कोन हाय जी?"

कोणी हसलं नाही.

"लगन झालं होतं का तिचं?"

"हो सर," एक पोरगी म्हणाली. ते वाक्य तिच्याकडे होतं.

"कोनासंग?"

पोरं एकमेकांकडे बघू लागली. पुढच्यांनी मागे पाहिलं, मागच्यांनी शेजारी. इतकी वाक्यं सरांनी वाटली होती, आणि त्यांत स्वतःबद्दल एकही नव्हतं. शेवटी ती पोरगी म्हणाली, "ते आमाले कोनी देलं नाही, सर."

मला राहवलं नाही. "तुमच्यासंग, सर. तुम्हीच तिचे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. थट्टा करणाऱ्या परक्या बाईकडे भला माणूस बघेल तसं. "नाही जी," ते म्हणाले. "मी कसा राहीन? मले तर ती आठवतबी नाही."

त्या दिवशी घरी गेल्यावर मी खूप रडले.

धान कापून खळ्यावर आलं त्या दिवसांत ते गेले. शाळेने अर्धी सुट्टी दिली. मोठी पोरं मसणवटीपर्यंत गेली होती. पुढच्या शनिवारी नंबर पुकारावेत की नाहीत हे मला ठरवता येत नव्हतं, पण पोरं डोळे मिटून तयारच बसली होती. खिडकीबाहेर धुकं होतं. मी पुकारत गेले. पाखडणं, माहेर, पाणी, पदर, दोन्ही तीळ, मोह, मूठ. लग्नाचं वाक्य आलं. त्या पोरीने "तिचं लगन झालं होतं" म्हटलं आणि ती खाली बसली नाही.

"तिचा नवरा खिडकीपाशी उभा हाय," ती म्हणाली.

मग तिने डोळे उघडून खिडकीकडे पाहिलं. तिच्यामागोमाग सगळा वर्ग वळला आणि मान हलायची वाट बघत राहिला. मी तिकडे पाहिलं नाही. फळ्याकडे तोंड करून मी म्हटलं, "बरोबर. बस खाली."