कडीवरचा पंचा

आमची चाळ चिंचवड स्टेशनापासून बरीच लांब, चिखलीच्या अंगाला होती. तेव्हा कंपन्या नुकत्या उभ्या राहत होत्या. कामगारांसाठी बांधलेली बैठ्या खोल्यांची एकच रांग, समोर ज्वारी आणि मागेही ज्वारी. भोंगा व्हायचा, सायकली निघायच्या, आणि पुढचा भोंगा होईपर्यंत शुकशुकाट.

मी तिथं आले ती साताऱ्याहून, नवी नवरी म्हणून. स्वतःला फार शहाणी समजायची. आज ती मुलगी समोर आली तर आधी चहा देईन आणि मग पोट धरून हसेन.

आमचे हे पहाटेच्या पाळीला जायचे, वर ओव्हरटाइम करून दिवेलागणीला यायचे. माहेरी सतत माणसांचा राबता. इथं दिवसभर मी आणि स्टोव्ह. शेजारणी एकमेकींकडे जायच्या, भाजी निवडत हसायच्या. माझ्या दाराशी आल्या की त्यांचा आवाज खाली. पोरं दंगा करत यायची आणि माझ्या दारापुढून चवड्यांवर चालत जायची. चिखलीची दूधवाली साऱ्या रांगेत हाका मारायची, माझं उंबऱ्यावर ठेवलेलं पातेलं मात्र मुकाट्यानं भरून पुढं जायची. सगळ्या माझ्याबद्दलच कुजबुजतात आणि पोरांनाही माझा धाक घातलाय, हे मी घरात बसल्या बसल्या ठरवून टाकलं. आपण होऊन बोलायला जावं, तर ते नाही. नव्या नवरीकडे शेजारणींनी आधी यायचं, ही आमच्याकडची रीत. मी आपला मान धरून बसले.

ह्यांना सांगितलं तर जेवता जेवता म्हणाले, "लोक चांगले आहेत गं. कंपनीत सगळे बोलतात माझ्याशी."

"मग मीही कंपनीतच येते."

"ये की. पण डबे दोन कर."

एका बाबतीत मात्र माझा हात धरणारी कोणी नव्हती. ह्यांचा पंचा मी रोज नीळ घालून असा पांढराशुभ्र धुवायची, आणि पुढच्या दाराच्या कडीला वाळत टांगायची. मागच्या बाजूला ऊन यायचं नाही, हे झालं सांगायचं कारण. जाणाऱ्या-येणाऱ्यांनी तो पांढरेपणा बघावा, हे खरं. पुढं पुढं इतर दारांवरही पंचे दिसायला लागले. या आठवड्यात एका दारावर, पुढच्या आठवड्यात दुसऱ्या. बोलत नसल्या तरी माझं बघून शिकतायत, असं मला वाटलं. त्यांची नीळ जरा जास्त होते, हेही वाटलं.

पण स्वतःचं कौतुक स्वतः किती दिवस करणार? कधी कधी दुपारी उगाच मोठ्यानं दोन शब्द बोलून बघायची, आवाज आहे की गेला म्हणून. संक्रांतीला तिळगूळ करून दाराआड कान देऊन बसले. बांगड्या वाजत आल्या, दाराशी थबकल्या, पुढं गेल्या. दुसऱ्या दिवशी हे कामावर गेल्यावर मी ट्रंक भरली. माहेरी जायचं, आणि परत यायचं नाही. शेवटी कडीवरचा पंचा काढून आत घेतला.

ट्रंकेचं झाकण लावते आहे तोच दाराशी बायका. पुढं शेवटच्या खोलीतली, मेकॅनिकची बायको. "वहिनी, सुटली का एकदाची रातपाळी? किती महिने लावली हो भावजींना."

"रातपाळी? ते तर पहाटे जातात."

"मग तो पंचा?"

रातपाळी करून आलेला माणूस घरात झोपला असेल, तर त्या दाराच्या कडीला पंचा टांगायचा. त्या दारी कोणी हाक मारायची नाही. चाळीतल्या बायकांनीच पाडलेली पद्धत. ह्यांनाच काय, कुठल्याच पुरुषाला ती ठाऊक असायचं कारण नव्हतं. झोपलेल्याला दाराबाहेर काय टांगलंय ते कुठून दिसणार?

दूधवाली मागून म्हणाली, "मला वाटलं, बाई मुकी हाय. लई वाईट वाटायचं बगा."

सगळ्या हसल्या. मीही हसले, आणि थांबता थांबेना. तेवढ्यात कोणीतरी ट्रंक बघितली. "कुठं निघालात?"

खरं सांगायला तोंड होतं कुठं? म्हटलं, "भाचीचं बारसं आहे."

मग काय विचारता. मेकॅनिकच्या बायकोनं धावत जाऊन आपल्या लेकीचं कोरं झबलं आणून हातात ठेवलं. एकीनं कुंकू लावलं. दूधवालीनं ट्रंक डोक्यावर घेऊन मला बसपर्यंत पोचवलं. घराची किल्ली आणि ह्यांच्यासाठी निरोप, दोन्ही शेजारणीकडे. आता न जाणं शक्यच नव्हतं.

साताऱ्यात आईनं झबलं उलटंपालटं करून बघितलं. भावाचं तर लग्नही ठरलं नव्हतं. "हे कुणाचं गं?"

"शेजारणीनं दिलंय."

बारसं म्हणून आल्यावर दुसऱ्याच दिवशी कोणत्या तोंडानं परतायचं? त्या भरल्या घरात, सगळ्यांच्या गप्पांत, मी तो आख्खा आठवडा चाळीकडे डोळे लावून एकटीनं काढला.