बतूलचं बाहेरचं जेवण

अजीजाचं सासर रोह्याजवळ, नदीकाठच्या एका गावात. नवरा शाहिद कतारला गाडी चालवतो, दोन वर्षांनी एकदा रजेवर येतो. त्यामुळे मुलगी बतूल अजीजानं जवळजवळ एकटीनंच वाढवली. आणि पोर वाढतच नव्हती, हेच तर तिचं दुखणं होतं. पोट फुगलेलं, हातपाय काटकुळे, जुलाब कधी थांबतच नसत. कुणी जंताचं औषध दिलं, कुणी रक्तवाढीचं. सासू म्हणायची, "नजर लागली गो पोरीला." शेवटी पेणच्या मुलांच्या डॉक्टरांना शंका आली. त्यांनी मुंबईला पाठवलं, तिथे नळी घालून आतडं तपासलं, आणि नाव कळलं: सिलिअ‍ॅक. गहू, मैदा, रवा, सगळं आयुष्यभर बंद. चिमूटभर पीठ गेलं तरी आतडं बिघडणार.

घरात तसं अवघड नव्हतं. भाकरी तांदळाचीच होती. चहाबरोबरचं मैद्याचं बटर गेलं, ईदला बतूलपुरती शेवयांऐवजी तांदळाची खीर आली. सहा महिन्यांत पोरीच्या गालांवर मांस दिसायला लागलं. अजीजाला धास्ती होती ती बाहेरची. लग्न असो, वाढदिवस असो, ती डबा घेऊन जायची. बायका हसायच्या, "एका घासानं काय व्हतंय?" फोनवर शाहिदही तेच म्हणायचा, "तू तिला भित्री करून ठेवलंस." अजीजा ऐकून घ्यायची. लांब राहणाऱ्या माणसाला फोनवर किती समजावणार?

यंदा शाहिद आला तो ठरवूनच. वडखळच्या पुढे नवं मोठं पार्क झालं होतं, पाळणे, पाण्याच्या घसरगुंड्या, सगळं. "माझ्या पोरीला कुठंच नेली नाय मी," तो म्हणाला. रजा संपायला आठवडा उरला होता. अजीजानं पहाटे उठून भाकऱ्या केल्या, कोंबडीचं सुकं केलं, डबा बांधला.

फाटकावर पिशव्या तपासल्या. "बाहेरचं खाणं आत चालत नाही," सुरक्षारक्षक बाई म्हणाली.

"पोरीला आजार हाय. तिला दुसरं काय चालत नाय."

"मला कळतंय ताई, पण माझी नोकरी जाईल." तिनं साहेबांना फोन लावून पाहिला. उत्तर तेच. डबा काउंटरवर ठेवा, जाताना घ्या.

मागे रांग वाढली होती. बतूल पाळण्याकडे बघत होती. अजीजा म्हणाली, "चला, परत जाऊ." शाहिदचा चेहरा उतरला. "आत भात पण मिळणार नाय काय? एवढा कसला हट्ट तुझा?" पोरीनं आईचा पदर धरला. अजीजानं डबा ठेवला.

दुपारी जेवणाच्या दालनात ती थेट स्वयंपाक्याशी बोलायला गेली. माणूस चांगला होता. त्यानं नीट ऐकलं, चपात्यांपासून लांब ठेवलेल्या पातेल्यातला भात काढला, धुतलेल्या डावानं वरण वाढलं. "डाळ, तांदूळ, फोडणी. यात गहू कुठून येणार, ताई?" अजीजालाही पटलं. बतूल दोघांच्या मध्ये बसून जेवली. चारचौघांत बसून, सगळ्यांसारख्या ताटात. तिनं आणखी भात मागितला तेव्हा शाहिदनं बायकोकडे पाहिलं. बघ, म्हणालो नव्हतो? असंच होतं ते बघणं. अजीजाही हसली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिला वाटलं, आपणच फार घाबरतो.

परतताना नागोठण्याच्या अलीकडे बतूलनं ओकायला सुरुवात केली. घरी पोचेपर्यंत पोरगी अर्धमेली. मग जुलाब, पोटात कळा, आणि सलाइन. पेणचे डॉक्टर एकेक पदार्थ विचारत गेले आणि थांबले. "फोडणीत हिंग होता?"

अजीजाच्या घरी हिंग वापरतच नसत. तिला काय ठाऊक, डबीतल्या हिंगात गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं म्हणून. स्वयंपाक्यालाही ठाऊक नव्हतं. रागवायचं कुणावर?

शाहिद रात्रंदिवस पोरीच्या उशाशी बसून राहिला. तिला उचलून न्यायचा, कपडे स्वतः धुवायचा. एकदा म्हणाला, "तू रोज हे सांगत होतीस. मला वाटायचं, वाढवून सांगतेस." अजीजाला किती वर्षं हेच ऐकायचं होतं. पण ऐकून काहीच बरं वाटलं नाही. ती एवढंच म्हणाली, "मी पण होते की तिथं. मीच वाढू दिलं."

विमानाच्या दिवशी बतूलला उठवत नव्हतं. शाहिद बॅग घेऊन उंबऱ्याशी उभा राहिला, परत आत आला, तिच्या कपाळावर हात ठेवला. "अब्बा, मला मजा आली हां," ती पडल्या पडल्या म्हणाली. "त्या मोठ्या पाळण्यात लय मजा आली." बाहेर गाडीत थांबलेल्या भावानं हॉर्न वाजवला तसा शाहिद निघून गेला.

बतूल सावरायला दीड महिना लागला. शाहिदचा फोन आता रोज येतो. पूर्वी अभ्यासाचं विचारायचा, चेष्टा करायचा. आता पहिला प्रश्न, "काय खाल्लंस?" फिरायला नेण्याचं नाव तो काढत नाही. नवऱ्याचा विश्वास बसला की आपलं ओझं हलकं होईल, असं अजीजाला वाटायचं. झालं एवढंच, की आता भिणारे दोघं झाले.

डिसेंबरात शाळेची सहल जाहीर झाली. एका संध्याकाळी अजीजा भाकरीची उकड मळत होती, आणि ओटीवर बतूल बापाशी फोनवर बोलत होती.

"सहल नाय यंदा, अब्बा. रद्द झाली."

सहल रद्द झालेली नव्हती. पोरीनं बाईंना स्वतःच सांगितलं होतं, मला यायचं नाय. अजीजाचे हात पिठात थांबले. पोर खोटं बोलतेय हे तिला कळत होतं, आणि कुणासाठी बोलतेय तेही. तिनं हाक मारली नाही. उकडीला पाण्याचा हात लावला आणि पुन्हा मळायला लागली.