सहादेवाची कबुली

सहादेव खेडकरला भांडण मिटवायचा एकच उपाय ठाऊक होता. 'चुकलं माझं' म्हणायचं. ऊसतोडीच्या टोळीत कोयता हरवो, बैल उधळो, कालवणात मीठ जास्त पडो, हा पुढे होऊन कबूल करायचा आणि लोक कामाला लागायचे. याला कुणी चांगुलपणा म्हणो, हा शुद्ध आगाऊपणा होता.

पाथर्डीहून कोपरगावला निघालेल्या टोळीच्या टेम्पोत पोलिसांना गांजाची पुडी सापडली. पुडी कुणाची, हे सहादेवालाही ठाऊक नव्हतं. पण टेम्पो खोळंबला होता, म्हणून त्याने ती आपली म्हटली. कोर्टात न्यायाधीशांनी दोनदा समजावून विचारलं, याने दोन्ही वेळा गुन्हा कबूल केला. दहा दिवसांची कैद झाली.

त्याच्या बायकोने, लंकाबाईने, कपाळ बडवून घेतलं आणि अपिलासाठी वकीलबाई गाठल्या. त्या सुनीतीबाई जामिनावर सुटलेल्या सहादेवाला म्हणाल्या, "कबुली दिल्यावर गुन्ह्याबद्दल भांडता येत नाही. शिक्षा जास्त झाली, एवढंच म्हणता येईल. तेही मी म्हणेन. तुम्ही तोंड उघडू नका."

वरच्या कोर्टात सुनीतीबाईंची आणि सरकारी वकिलांची चांगलीच जुंपली. सहादेवाला ते बघवेना. तो हात जोडून उठला.

"मिटवा साहेब. चुकलं माझं. दहाचे पंधरा दिस करा, पर भांडू नका."

अपील फेटाळलं गेलं. बाहेर आल्यावर सुनीतीबाईंनी फाईल बाकावर आपटली. "चूक माझीच. तुमची केस घ्यायलाच नको होती."

"न्हाई बाई," सहादेव घाईघाईने म्हणाला, "ती बी माझीच."