पारखीणबाईंचं नाक

खड्यांची पारख करण्यात पारखीणबाईंचा हात धरणारं कोणी नव्हतं. पण मोठ्या तापातून उठल्यापासून त्यांना वास येईनासा झाला होता, आणि ही गोष्ट त्यांनी कोणालाच सांगितली नव्हती.

एका सकाळी एक सुतार आईची माळ घेऊन दुकानात आला. मणी पिवळे आणि अगदी हलके होते.

"आई अंबर म्हणायची. खरं असेल तर किंमत सांगा. विकून बहिणीला तिचा वाटा द्यायचाय."

बाईंनी माळ हातात घेतली. अंबर म्हणजे झाडाचा, युगानुयुगं जमिनीत राहून दगड झालेला डिंक. मिठाच्या पाण्यात मणी तरंगले, पण काही नकली मणीही तरंगतात. त्यांनी मण्याच्या भोकाशी तापलेली सुई टेकवली. बारीक धूर निघाला. त्याला डिंकाचा वास असला तर अंबर खरं, जळक्या प्लास्टिकचा असला तर नकली, पण त्यांना कसलाच वास आला नाही. अंदाजाने खोटं म्हणावं, तर आईची ठेव मातीमोल व्हायची. खरं म्हणावं, तर घेणारा फसायचा.

"दादा," त्या कशाबशा म्हणाल्या, "मला वास येत नाही. चार महिने झाले. तुम्हीच घेऊन बघा."

सुतार मण्याशी वाकला. "चिडाच्या लाकडाच्या डिंकाळ फळीवर रंधा मारल्यासारखा येतोय. जळक्या प्लास्टिकचा नाही."

बाईंनी स्पिरिटचा थेंब टाकला. मणी चिकट झाला नाही, म्हणजे डिंक कोवळा नव्हता, अंबर खरं होतं. त्यांनी कागदावर किंमत लिहिली आणि वास कोणी घेतला तेही खाली लिहिलं. आपलं नाक गेल्याचं उद्या बाजारभर होणार, या धास्तीने सही मात्र वाकडी आली.