नानांचा रिपोर्ट, अक्कांचा चहा

"नानांना धुळ्याला नेलं, रिपोर्ट म्हणे इतका वाढला की—" एवढं कानावर आलं आणि देशमुखांच्या कुकरने शिट्टी दिली. आमच्या मेहरूणच्या गल्लीत अशा अर्ध्या बातम्यांचा ढीग कायम पडलेला असतो. घंटागाडी रोज येते, पण हा माल तिच्यात कोणी टाकत नाही. यंदाच्या खोकल्याने तर ढीग पार दारापर्यंत आला.

*

सुरुवात शेजारच्या नानांपासून. चोपड्याकडे केळीची शेती, त्यामुळे मोठं ते चांगलं, हा हिशेब पक्का. भरीत पार्टीहून सगळी गल्ली खोकतच परतली. छातीत व्हायरल उतरलंय म्हणून डॉक्टरांनी नानांची सीआरपी केली. अंगात सूज किती, ते रक्तावरून सांगणारी तपासणी. आकडा भलताच आला. केळीच्या घडाचं वजन सांगावं तसा नानांनी तो गल्लीभर सांगितला.

*

दुसऱ्या दिवशी अर्धी गल्ली लॅबच्या दारात. देशमुखभाऊंचा रिपोर्ट नॉर्मल निघाला. माणसाने खूश व्हावं की नाही? भाऊ लॅबवाल्याशी भांडले, "एवढा खोकतोय मी, आणि आकडा एवढासा? मशीन धुवून घ्या एकदा!"

*

मग आकडा बघून माणुसकी सुरू झाली. जास्त असेल त्याला शहाळं, नॉर्मल असेल त्याला ग्रुपवर 'काळजी घ्या'. नानांच्या ओट्यावर शहाळ्यांचं दुकान लागलं. खोकत तर अक्काही होत्या, म्हणजे नानांची बायको. पण त्यांचा पहिल्याच दिवशी काढलेला रिपोर्ट स्वच्छ. तेव्हा येणाऱ्या-जाणाऱ्यांचा चहा त्यांनीच करायचा. मीही दोनदा जाऊन आले. आलं छान पडलं होतं.

*

पुढच्या तपासणीआधी नानांनी तांब्याभर हळदीचा काढा रिचवला. डॉक्टर म्हणाले, "नाना, आकडा उतरवायचाय की आजार?"

नाना म्हणाले, एकावर एक फ्री जमत असेल तर बघा.

*

तर धुळे. कुकर गार होईपर्यंत गल्लीने ते वाक्य पूर्ण केलं होतं. नाना व्हेंटिलेटरवर, मुलांना बोलावणं गेलं. देशमुखभाऊ ग्रुपसाठी नानांचा बरासा फोटो शोधायला बसले. मला राहवेना. डबा भरला आणि धुळ्याची एसटी धरली.

दवाखान्यात नाना बाहेरच्या बाकावर. मफलर गुंडाळून, धडधाकट. आत ऑक्सिजनवर अक्का होत्या.

झालं असं, की गल्लीच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे नानांना दाखवायला अक्का सोबत गेल्या. कसं वाटतंय, हे डॉक्टर विचारत होते नानांना, आणि सवयीप्रमाणे उत्तर देत होत्या अक्का. दर दोन शब्दांनी थांबत, श्वास घेत. डॉक्टरांनी नानांचा कागद बाजूला ठेवला आणि अक्कांच्या बोटाला ऑक्सिजनचा चिमटा लावला. आकडा पार घसरलेला. भाचा धुळ्याला डॉक्टर, म्हणून तिकडे हलवलं.

नाना फरशीकडे बघत म्हणाले, "रिपोर्ट मना वाढना, दम तिले लागना. बठ्ठा माले दखाले उनात."

खरंच, सगळे नानांनाच बघायला आले होते, मीही. तेवढ्यात नर्सने आम्हाला आत सोडलं. अक्कांनी मला पाहिलं, मास्क बाजूला केला आणि एका दमात नानांना म्हणाल्या, "अहो, ताई उन्यात, चहा सांगा ना त्यासले."