मला न दिसलेलं बेट

आधी चहा घ्या. भर कोर्टात, शपथेवर मी जो मूर्खपणा केला, तो कोरड्या घशाने सांगण्यासारखा नाही.

मी 'ते रापा' नावाच्या उपनगरात एका छोट्या कन्सल्टन्सीत इंजिनिअर. आमच्या क्लायंटला समुद्रात पवनचक्क्या उभारायच्या होत्या. मंजुरीही मिळाली होती, पण किनाऱ्यावरच्या गावाने तिला कोर्टात आव्हान दिलं. माझं काम एवढंच, की किनाऱ्यावरून समुद्राचे फोटो काढायचे, त्यांत कंप्युटरवर पवनचक्क्या बसवायच्या आणि त्या कशा दिसतील ते दाखवायचं. माझ्या फोटोंत त्या जेमतेम दिसत होत्या. क्लायंट खूश, बॉस खूश, माझं तर काय विचारता.

फोटो काढायला गेलो तेव्हा साठीच्या एक बाई वाळूत बसून शिंपल्या गोळा करत होत्या. मी त्यांना सांगितलं, "जरा बाजूला होता का? फ्रेममध्ये येताय."

त्या बिचाऱ्या बादली उचलून सरकल्या. म्हणाल्या, "आज काय दिसणार तुला?"

"हीप्स," मी ऐटीत म्हणालो, म्हणजे इथल्या बोलीत भरपूर. मनात म्हटलं, यांना फोटोग्राफीतलं काय कळतंय?

पुढे कोर्टात साक्षीला उभा राहिलो, तर गावाची बाजू मांडायला समोर त्याच बाई. नाव मेरे. हिंदीतलं नव्हे, माओरी. वकील नाही, हातात एक वही फक्त, आणि तीही मिटलेली.

"फोटो काढलेत तेव्हा हवा स्वच्छ होती?" त्यांनी विचारलं.

पाऊस नव्हता, म्हणजे माझ्या मते स्वच्छच. "अगदी स्वच्छ," मी म्हणालो.

"मग बेट कुठे आहे?"

"कुठलं बेट?"

"समोरचं."

इथे शहाण्या माणसाने गप्प बसावं की नाही? मी म्हणालो, "मॅडम, समोर बेट नाहीये. तुमचा काहीतरी गैरसमज होतोय."

जज्जसाहेबांनी चष्मा काढला. "मी मागच्या आठवड्यात तिथे जाऊन आलो," ते शांतपणे म्हणाले. "बेट आहे."

आमच्या वकिलाने डोळे मिटून घेतले. आणि मी, काय सांगू, तरीही थांबलो नाही. म्हणालो, "कदाचित भरतीत बुडत असेल."

"त्यावर पक्षी अंडी घालतात," मेरेबाई म्हणाल्या. "बुडत असतं तर त्यांना कळलं असतं."

सगळं कोर्ट हसलं. त्या मात्र हसल्या नाहीत. जज्जसाहेबांकडे वळून म्हणाल्या, "आम्ही विजेच्या विरुद्ध नाही. माझ्याही घरी हीटर आहे. पण बेट दिसत नाही अशा धूसर दिवशी पवनचक्क्या तरी कशा दिसणार? समोर काय उभं राहणार ते आम्हाला खरं दाखवा. आणि वीज किनाऱ्यावर आणणारी केबल शिंपल्यांच्या पट्ट्यातून नेऊ नका. तिथे आईने मला हातांनी वाळू चाचपायला शिकवलं, मी नातींना शिकवते आहे." आवाज एकदाही चढला नाही. मी विरुद्ध बाजूचा साक्षीदार, पण मनात म्हटलं, बाई, जिंकलात तुम्ही.

नंतर बाहेर जाऊन त्यांची माफी मागितली. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "अरे, धूसर हवेत ते मलाही दिसत नाही. फक्त ते तिथे आहे हे मला माहीत असतं."



निकाल आला. मंजुरी फेरविचारासाठी परत. केबलची वाट बदला, आणि फोटो स्वच्छ दिवशी नव्याने काढा. संध्याकाळी घरी बायकोला सांगत होतो, की परक्या माणसाला ते बेट कसं दिसणार, आपण कधी त्या किनाऱ्यावर गेलोय का?

लेकीने मोबाइल पुढे केला. गेल्या उन्हाळ्यातली आमची सहल, तोच किनारा, लख्ख ऊन, आणि पोट सोडून उभा असलेला मी.

"इट्स राइट देअर, बाबा," ती म्हणाली. "यू आर ब्लॉकिंग मोस्ट ऑफ इट."